शेवाळाची उंची

यज्ञेश्वर सरांच्या प्रयोगशाळेत काचेच्या भिंतींचा चाळीस फूट लांब पाट होता. तळाला दारणा नदीतले गोटे चिकटवलेले. गोट्यांवरून वाहताना पाणी किती अडतं, हे सर तीन वर्षं मोजत होते. त्यावरच त्यांची डॉक्टरेट होती. पंप मी चालवायचो. पाण्याला मापाची सुई टेकवून उंचीचा आकडा वाचून सांगायचो, सर तो लिहून घ्यायचे. दुपारी खिडकीतून ऊन आलं की पाण्याचा कवडसा छतावर हलायचा आणि आम्ही दोघं नदीच्या तळाशी बसलोय असं वाटायचं.

चौऱ्याण्णवच्या खंडेनवमीला कॉलेजातली यंत्रं पुसून पुजायची होती. वर्कशॉपचा रंगनाथ मला म्हणाला, तुमचा पाट म्हणजे म्हशीचं डबकं. मला ते लागलं. सर रजेवर होते. मी दिवसभर काथ्याने पाट घासला.

दसऱ्यानंतर आकडे बदलले. पंप तोच, पाणी तेवढंच, पण उंची तीन मिलिमीटरने कमी. सरांनी पंप उघडून पाहिला, सुई तपासून घेतली. गोटे उजळलेले दिसले, ती खंडेनवमीची साफसफाई म्हणून सोडून दिलं. शेवटी स्वतःच्या तीन वर्षांच्या वह्यांवर संशय घेऊ लागले. प्रबंध डिसेंबरात द्यायचा होता. ते जेवणाचा डबा न उघडता काचेला कपाळ टेकून बसायचे.

रविवारी मी इगतपुरीजवळ गावी गेलो. खाचरामागच्या ओहोळात शेवाळावरून पाणी झोपेत चालल्यासारखं चाललं होतं. पुढे उघड्या कातळावर तेच पाणी पळत होतं. मला घासलेला पाट आठवला. नोकरी रोजंदारीची होती, तरी सोमवारी सरांपुढे उभा राहिलो.

"सर, पाट मी घासला."

"किती घासला, सहादूभाऊ?"

"शेवाळाचा ठिपका ठेवला नाय."

सरांनी वाकून काचेतून घासलेल्या गोट्यांकडे पाहिलं. मग हसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पुण्याच्या त्यांच्या मार्गदर्शकांनी सांगितलं, जुने आकडे चांगले आहेत, प्रबंध देऊन टाका, शेवाळाचं कोण विचारतंय? सर परत आले आणि बांधलेला प्रबंध कपाटात ठेवला.

"मी लिहिलंय दगड आणि मोजलंय शेवाळ," एवढंच म्हणाले.

त्यांच्यामागून नोकरीला लागलेला एक जण त्या वर्षी बढतीवर गेला. सरांनी नवी वही काढली. आता गोट्यांच्या आकड्यांशेजारी शेवाळाची उंचीही लिहायची होती. मी ओहोळातला एक हिरवा दगड ओल्या फडक्यात गुंडाळून आणला आणि पाटात ठेवला. मग आम्ही वाट पाहिली. आधी नुसती हिरवी छटा, मग मऊ लव, मग केस. ते प्रवाहात डोलायचे आणि पाहता पाहता डोळे जड व्हायचे. आठवड्याला पाणी केसभर वर चढायचं.

पुढच्या श्रावणात एका दुपारी मी सुई टेकवली आणि आकडा वाचला. तीन वर्षं वाचलेला तोच आकडा होता. पुन्हा वाचला. सरांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची ओढून माझ्या शेजारी आणली. पाणी सावकाश चाललं होतं. त्या दिवशी आम्ही पंप उशिरा बंद केला.