नोंदणीकृत लबाड

मी लबाड बोलतोय. खोटं बोलतोय असं नव्हे. लबाड हे माझं नावच आहे, आणि तेही रीतसर नोंदवलेलं.

मोबाइलवर मेसेज येतो तेव्हा वर पाठवणाऱ्याचं नाव दिसतं ना, ते मी. पूर्वी कोणीही उठावं आणि बँकेचं नाव लावून लोकांना गंडवावं, असा कारभार होता. आता नोंदणीशिवाय नाव लावता येत नाही. माझ्यासाठी पॅनकार्ड, अध्यक्षांचं पत्र, सही, शिक्का, सगळं लागलं. एवढी चौकशी तर मुलगी देतानाही कोणी करत नाही.

माझा जन्म आडगावच्या द्राक्ष सोसायटीच्या कचेरीत झाला. नावाला इंग्रजी अक्षरं सहाच मिळतात. सचिव धोंडीरामांनी ‘लक्ष्मी बागायतदार, आडगाव’ यातल्या प्रत्येक शब्दाची पहिली दोन अक्षरं उचलली: एल ए, बी ए, ए डी. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चहाही मागवला. सलग वाचून बघायचं तेवढं राहिलं.

तेव्हापासून फवारणीचा निरोप असो की सभेचा, लोक नाव बघतात आणि मला पुसून टाकतात. वाईट वाटतं हो.

मागच्या महिन्यात आमच्या सभासद साळूबाईंना एका साध्या नंबरावरून मेसेज आला: ‘द्राक्षबागेच्या आच्छादनाचं अनुदान मंजूर. पाचच्या आत लिंक दाबा. आपला विश्वासू.’ यंदाच्या द्राक्षांचे सगळे पैसे नुकतेच त्यांच्या खात्यात जमा झाले होते. गावात आणखी दोघांना तसाच मेसेज आला होता, म्हणून सचिवांनी मला सगळ्यांकडे पिटाळलं. साळूबाईंचं बोट लिंकवर टेकणार, तेवढ्यात मी पोचलो.

सून तेजस्विनीनं वाचलं, “आई, लिंक दाबू नका म्हणतोय. फसवणूक आहे म्हणे.”

“कोन म्हनतोय?”

“लबाड. पुसून टाकू का?”

माझा जीव टांगणीला लागला.

“थांब गं,” साळूबाईंनी बोट मागे घेतलं. “चोर कधी सांगतो व्हय, मी चोर हाय म्हनून? हा विश्वासूच लय गोड बोलून राहिला. धोंडीरामला फोन लाव.”

पलीकडून धोंडीराम ओशाळून म्हणाले, “लबाड ना? ते आपणच, काकू.”

पैसे वाचले. नाव बदलायचा अर्ज मात्र दुसऱ्याच दिवशी गेला. तो मंजूर झाला की मी बंद. जाण्याआधी एवढंच सांगतो: कोणी फार घाई करायला लागला, की आधी ओळखीच्या माणसाला फोन करा.

हल्ली माझा मेसेज वाजला की साळूबाई चुलीपुढूनच सुनेला ओरडून सांगतात. इतक्या मायेनं मला आजवर कोणी हाक मारली नव्हती.

“अगं, बघ गं, आपला लबाड आला!”