पाठ नसलेला कोट

त्या उन्हाळ्यात माझ्या दुकानातल्या इस्त्रीला कोळसा लागला नाही. सकाळी दहाला ती पायरीवर ठेवायची, अकराला उचलायची, की संध्याकाळपर्यंत कपडे कडक. समोरच्या सलूनवाल्याचा आरसा तर उन्हाने इतका मऊ झाला होता की गिऱ्हाइकांची तोंडं त्यात हातभर लांब दिसत आणि ती त्याच्याशी भांडत. खोटं वाटत असेल तर सलूनवाल्याला विचारा. तो माझ्यापेक्षा जास्त खोटं बोलतो.

अशा उन्हात माझ्या भाचीला मुलाखतीचं पत्र आलं. गल्ली तिला पकड म्हणते, कारण तिच्या खिशात रुमाल नसला तरी पकड असते. आमच्याकडचा एकही फ्रिज तिचा हात लागल्याशिवाय म्हातारा झालेला नाही. शहराबाहेरच्या मोठ्या शीतगृहात मेकॅनिकची जागा होती. पत्राच्या तळाशी जाड अक्षरात लिहिलं होतं, ‘उमेदवाराने कोट घालूनच यावे. मुलाखत संपेपर्यंत कोट काढणारा बाद समजला जाईल.’

“मला मशीनच्या पोटात हात घालायचाय, मामा,” पत्र माझ्या शिलाई मशीनवर आपटत ती म्हणाली. “त्यांच्या घरी सोयरीक जुळवायला नाही चालले.”

तिचा राग खरा होता. त्याच शीतगृहात ती दोनदा जाऊन आली होती. पहिल्यांदा कोट नाही म्हणून फाटकावरूनच परत. दुसऱ्यांदा बापाचा जुना लोकरी कोट घालून गेली, तर नाव पुकारलं तेव्हा ही बाकाखाली बेशुद्ध. आणि पुढच्या महिन्यात तिचं वय अटीच्या बाहेर जाणार होतं. म्हणजे हीच शेवटची खेप.

“तुझ्या कात्रीला काही अक्कल असेल तर आज दाखव,” माझी बहीण, तिची आई, मला म्हणाली. “नाहीतर तीस वर्षं नुसत्या थापा शिवल्यास असं समजेन.”

आता हे मला लागलं. शेजारच्या फोटो स्टुडिओसाठी मी तीस वर्षं कोट शिवले. स्टुडिओचा कोट म्हणजे काय, तर पुढून साहेब आणि मागून काहीच नाही. छाती, कॉलर, खिसे, बटणं, बाह्या सगळं जागच्या जागी. पाठीच्या ठिकाणी मात्र चार बंद. जाडा येवो, बारीक येवो, बंद आवळले की झालं. पातळ सुती कापडाचा तसाच एक कोट मी तिच्या मापाने बेतला. अस्तर नाही, पाठ नाही. वारा पाठीतून शिरावा आणि बगलेतून निघावा.

“आणि मागून कोणी बघितलं तर?” बंद बांधून घेताना तिने विचारलं.

“मागून कोण बघतो? तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने पाठीचा फोटो मागितला नाही. भिंतीला टेकून बस. निघताना नमस्कार करत उलट्या पावली ये, आदब समजतील.”

“मला हे आवडत नाही, मामा.”

“तुला काय आवडतं? बेशुद्ध पडायला?”

तिने बंद बांधून घेतले. मी खूश झालो. तेव्हाच समजायला हवं होतं.

शीतगृहाच्या कचेरीबाहेर पत्र्याचा व्हरांडा होता. एका लांब बाकावर अकरा उमेदवार कोट घालून शिजत होते. काचेच्या दारापलीकडे मुलाखत घेणारे तिघे. काच आतल्या गारव्याने धुकटलेली. आणि त्यांच्या एसीचा बाहेरचा डबा कुठे बसवला होता म्हणता? बरोबर बाकाच्या डोक्यावर. आतली सगळी गरमी उचलून तो उमेदवारांच्या मानेवर ओतत होता. एकाच्या खिशातलं खोडरबर वितळून पायजम्यापर्यंत आलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. निदान अर्ध्या डोळ्याने तरी.

भाची भिंतीला पाठ लावून बसली. मी तिच्या समोर, पाण्याचा तांब्या घेऊन. दाराशी शिपाई उभा होता.

“तो डबा जरा फिरवता नाही येणार का हो?” मी विचारलं.

“साहेबांनी इथेच लावलाय. म्हणतात, ज्याला गरज असेल तो सोसेल.”

भाचीने दात आवळलेले मला दिसले. डब्याकडे बघत ती खिशातली पकड उघडत होती, मिटत होती.

साडेबाराला तिच्या शेजारचा चष्मेवाला पोरगा हळूच एका बाजूला कलला आणि खाली पडला. ओठ पांढरे. दोघे-तिघे उठले.

“बटण उघडू नका,” शिपाई म्हणाला. “काढला तर बाद होईल बिचारा.”

तो खरंच बिचारा म्हणाला. हात थांबले. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, बस, भिंत सोडू नकोस. तिची पुढची पाळी होती.

ती उठली. सगळ्या व्हरांड्याकडे पाठ करून त्या पोराशेजारी बसली आणि त्याचा कोट काढून बाजूला फेकला. माझ्या हातातला तांब्या ओढून घेतला. मागे बाकावरची सगळी माणसं तिचे चार बंद आणि घामाने चिकटलेला सदरा बघत होती. कोणीतरी फिसकन हसलं. पोराने डोळे उघडले तेव्हा शिपाई आत जाऊन सांगूनही आला होता.

तिला बोलावलं. आत जाताना तिने दाराला खुर्ची लावून ते सताड उघडं ठेवलं, म्हणून पुढचं मला नीट ऐकू आलं.

“वळा,” मोठे साहेब म्हणाले.

ती वळली.

“हा कोट आहे?”

“अर्धा आहे. अर्ध्या उन्हापुरता.”

“ही फसवणूक आहे, बाई.”

“आहे,” ती म्हणाली. “माझ्या मामाने डोकं लढवलं आणि मी ऐकलं, ही माझी चूक. पण साहेब, ही खोली गार कशी होते ते ठाऊक आहे ना? मशीन थंडी तयार करत नाही. इथली गरमी उचलून दुसरीकडे टाकतं. तुमची गरमी त्या पोराच्या अंगावर टाकलीत आणि वर त्याला कोट घालायला लावलात. आता सगळे एकाच हवेत बसू.”

आणि तिने भिंतीवरचा एसीचा खटका पाडला.

मी डोळे मिटले. गेली नोकरी, आणि मीच घालवली असं वाटलं. पाच मिनिटांत त्या खोलीत असा उकाडा झाला की टेबलावरच्या लाखेच्या कांडीने मान टाकली. मोठे साहेब कोट काढेनात. आपलाच नियम. त्यांच्या नेकटायचा निळा रंग शर्टावर उतरायला लागला. शेवटी तिघांतला कोपऱ्यातला म्हातारा इंजिनिअर उठला, त्याने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बाकाकडे येऊन डब्याखाली उभा राहिला. मान वर करून बराच वेळ.

“हा फिरवायला किती वेळ लागेल?” त्याने विचारलं.

“अर्धा तास,” भाची दारातून म्हणाली. “पाइप लांबवावा लागेल. पण मघाशी चालू होता तेव्हा त्याच्या पंख्याचा आवाज ऐकलात का? बेअरिंग गेलंय. आठवड्यात बंद पडणार.”

“मला वाटलं फक्त मलाच ऐकू येतो,” म्हातारा म्हणाला, आणि वळून, “साहेब, मला हिला प्रश्न विचारायचेत. मशीनचे.”

मोठ्या साहेबांनी हातानेच ‘विचारा’ अशी खूण केली. घामाने भिजलेला माणूस वाद घालत नाही. पाऊण तास म्हाताऱ्याने विचारलं आणि तिने सांगितलं. नोकरी मिळाली. पण घरी येईपर्यंत ती माझ्या दहा पावलं पुढेच चालली.

“अगं, झालं ना काम,” मी म्हणालो.

“कोटाने नाही झालं,” ती म्हणाली. “तू मला अर्धी करून पाठवलंस, मामा. त्या पोरासाठी उठताना मला आधी माझ्या पाठीची लाज वाटली. एक क्षण बसून राहिले मी. तो क्षण तुझा.”

मी मागे जाऊन तिचे चार बंद सोडले.

कामावर रुजू होऊन नऊ दिवस झाल्यावर ती दुकानात आली. ओठ निळे, बोटं आखडलेली. माझा कोट तिने टेबलावर टाकला.

“याला पाठ लाव. जाड. आत लोकर घाल.”

“या उन्हात?”

“बर्फाच्या खोलीत उणे अठरा आहे. आत बारा माणसं पेट्या उचलतात, साध्या सदऱ्यावर. कोट मागितला तर साहेब म्हणतात, नियमात नाही.” तिने माझी मापाची पट्टी उचलून माझ्याच गळ्यात टाकली. “उद्या सकाळी हा घालून त्यांच्या टेबलासमोर उभी राहणार आहे. उरलेले अकरा कुणी शिवायचे ते तेव्हा ठरेल. तू कापड काढ.”

मी कापड काढलं. बाहेर इस्त्री पायरीवर तापत होती. या खेपेस मी पाठ आधी बेतली.