उंबरापासून शंभर मीटर

लोमा ग्वायाबोच्या प्राथमिक शाळेच्या फाटकावर ओदिलीबाईंनी सूचनेचा कागद चिकटवला, तोही चारी कोपऱ्यांना दोनदा गोंद लावून. एकतीस वर्षं त्या असले कागद चिकटवत होत्या. पालकसभा, जंताचं औषध, कोणाची वही हरवली, कोणाची कोंबडी शाळेत शिरली, असलंच काहीबाही असायचं त्यावर. तो कागद कोणी वाचत नसे. या वेळी मात्र गोंद वाळायच्या आत निम्मं गाव फाटकाला येऊन चिकटलं.

खाली नेहमीच्या गोष्टी होत्या. चौदा सप्टेंबरला संध्याकाळी सहाला कंदिलांची मिरवणूक, कंदील घरीच करायचा, विकतचा चालणार नाही. पंधराला संचलन, ढोलवाल्यांनी काठ्या विसरू नयेत. मग मुलांचं कौतुक: सहावीतल्या ब्रायनरचा कॉफीच्या सालीच्या खताचा प्रयोग तालुक्यात दुसरा, मुलींचा फुटबॉल संघ उपविजेता, आणि येर्लिन शंभर मीटर धावण्यात अख्ख्या तालुक्यात पहिली. हे सगळं निळ्या शाईत. आणि सगळ्यांच्या वर, लाल शाईत, दोनदा गिरवून: या वर्षी मशाल आपल्या गावातून जाणार.

स्वातंत्र्याची मशाल दर सप्टेंबरला ग्वातेमालाहून निघते आणि निकाराग्वामार्गे देशामागून देश पोरांच्या हातातून पळत पळत येते. पण ती जायची खालच्या मोठ्या हमरस्त्याने. लोमा ग्वायाबो पडलं डोंगरात. ओदिलीबाई दरवर्षी पोरांना दुधाच्या ट्रकात कोंबून खाली न्यायच्या. दुसऱ्या शाळांची पोरं पळायची, आपली पोरं टाळ्या वाजवायची, आणि मग सगळी दुधाच्या वासासकट घरी परत यायची. या गावात मशाल म्हणजे उंबराचं फूल, ऐकायचं, बघायचं नाही. तर या पावसाळ्यात हमरस्त्यावर दरड कोसळली, वाहतूक डोंगरातून वळवली आणि तिच्याबरोबर मशालही. दरड कोसळल्याचा एवढा आनंद कुठल्या गावाला झाला नसेल.

वरच्या ऑफिसातून पत्र आलं. चौदा सप्टेंबरला सकाळी, तुमच्या शाळेला आठशे मीटर. आठ मुलं निवडा, प्रत्येकी शंभर. एल सेद्रालच्या शाळेकडून मशाल घ्यायची ती जुन्या उंबरापासून पूर्वेला शंभर मीटरवर, आणि द्यायची चर्चच्या दारात, पुढच्या शाळेच्या हाती.

आता आमच्याकडे पत्ता असाच सांगतात. रस्त्यांना नावं नाहीत, घरांना नंबर नाहीत. जुन्या उंबरापासून इतकं, जुन्या गिरणीपासून तितकं. उंबर वादळात पडून चाळीस वर्षं झाली आणि गिरणीचं छप्परही कोणी पाहिलेलं नाही, तरी पत्ता तिथूनच सुरू होतो. आणि उंबर कुठला, असं विचारायची सोय नाही. विचारलं म्हणजे तुम्ही इथले नाही.

ओदिलीबाई तर इथल्याच, सात पिढ्यांच्या. स्मशानाजवळच्या उंबराखाली त्यांनी लहानपणी डबा खाल्लेला. त्यांनी वर्गात फळ्यावर नकाशा काढला. स्मशानापासून खालच्या रस्त्याने चर्चपर्यंत आठ फुल्या मारल्या. सगळ्यांनी बरोबरच पळायचं, फुली आली की मशाल पुढच्याच्या हाती. शेवटची फुली, चर्चच्या शंभर मीटर अलीकडची, येर्लिनची. जी सगळ्यांत जोरात पळते तिनं शेवट करायचा, हा साधा हिशोब होता.

येर्लिननं हात वर केला. "बाई, वरच्या रस्त्यालापण एक उंबर होता म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"पप्पा तिथं कॉफी बेणतात ना. त्या तुकड्याला सगळी गडीमाणसं उंबरच म्हणतात. बुंधा आहे अजून तिथं, मी बसते त्यावर."

येर्लिनचे आईवडील निकाराग्वाचे. चार वर्षांपूर्वी कॉफीच्या तोडीला आले आणि राहिले. पोरगी हुशार, तरतरीत, ओदिलीबाईंची लाडकीसुद्धा. पण त्या दिवशी बाईंच्या डोक्यात मशाल पेटलेली होती, आणि जिभेला काही हाड नसतं.

"बाळा," त्या म्हणाल्या, "मी या गावात जन्मले. तू काल आलीस. उंबर कुठं होता ते तू मला शिकवू नकोस."

वर्ग हसला. येर्लिननं हात खाली घेतला आणि वहीत नकाशा उतरवायला लागली. बाईंनाही ते बोललेलं जरा लागलं, पण तेवढ्यात ब्रायनरनं विचारलं की मशालीनं केस जळतात का, आणि विषय तिकडे गेला.

ऑफिसात एक फोन केला असता तर भागलं असतं. पण लोमा ग्वायाबोच्या ओदिलीबाईंनी जुना उंबर कुठला म्हणून विचारायचं? नाक कापून हातात दिलं असतं तरी त्यांनी ते केलं नसतं.

चौदा तारीख उजाडली ती लख्ख. पाऊस दुपारशिवाय येणार नव्हता. साडेनऊलाच त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पोरं स्मशानाच्या कोपऱ्यावर, पांढरे सदरे, निळ्या चड्ड्या, निळे घागरे, केसांना पाणी लावलेलं. कोणीतरी गुळाच्या गरम पाण्याची किटली आणली होती. छोट्या आब्रिलला तीनदा शू लागली. आईबाप सगळे चर्चपाशी, कारण मशाल पोचेल ती तिथं आणि माइकही तिथं. येर्लिनचे वडील फाउस्तिनो आठपासून दाराच्या अगदी समोर जागा धरून उभे होते, फोन हातात, चार्ज पूर्ण. निकाराग्वात आजी होती. नातीची शेवटची शंभर पावलं तिला पाठवायची होती.

"बाई, किती वाजले?"

"दहा पंचवीस. आणि मगाशी दहा चोवीस वाजले होते. गप उभे राहा."

दहा चाळीसची वेळ दिलेली. दहा छत्तीसला सायरन ऐकू आला. पोरं किंचाळली, झेंडे उंचावले, ब्रायनर पहिल्या फुलीवर जाऊन पाय टाकून तयार झाला. सगळे रस्त्याच्या वळणाकडे बघत होते. सायरन जवळ आला, आणखी जवळ आला, आणि मग डोक्यावरून गेला.

वरच्या रस्त्यावरून. कॉफीच्या उताराच्या वरच्या अंगाला वाहतूक पोलिसाची मोटरसायकल दिसली, तिच्यामागे एल सेद्रालच्या पोरांचे पिवळे सदरे, आणि त्यांच्या मधोमध एक लहानशी ज्वाळा.

ओदिलीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. वरचा रस्ता थेट चर्चला जातो. मशाल थांबवायची नाही, मागे न्यायची नाही, हा नियम. एल सेद्रालचा पोरगा उंबराजवळ कोणी दिसलं नाही म्हणून तसाच पुढे पळत होता. तो असाच चर्चला पोचला की संपलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मशाल गावात आली आणि गावच्या पोरांच्या हाताला न लागता निघून जाणार, आणि ते कोणामुळे? बाईंच्या शहाणपणामुळे.

"येर्लिन," एवढंच त्या म्हणाल्या. माफी मागायची होती की जा म्हणायचं होतं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

येर्लिन तोवर कुंपणावरून गेलीसुद्धा होती. कॉफीच्या ओळींमधून कुठं पाय घसरतो आणि कुठली ओळ वर निघते, हे तिला ठाऊक होतं. तिच्यामागे ब्रायनर, मागे बाकीचे सहा, मागे अख्खी शाळा. बाईंनी घागरा एका हातात धरला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी चढण चढायला लागल्या.

फांद्या तोंडावर येत होत्या. चपला चिखलात रुतत होत्या. दर वीस पावलांनी ओळींमधून वर बघितलं की ज्वाळा दिसायची, तीही डावीकडून उजवीकडे भराभर सरकताना. मग एकदा बघितलं तर तिच्याजवळ एक पांढरा सदरा. पोचली पोरगी.

त्यांनी हिशोब केला. निम्मं अंतर गेलं, चारशे मीटर राहिले. येर्लिन म्हणजे वारा. एक मिनिट आणि थोडं. बाकीची सात अजून चढणीवर धापा टाकताहेत. तिच्या एकटीच्या हाताला लागली, तेवढंच आपलं नशीब, असं त्यांनी मनाला समजावलं.

पुढच्या मोकळ्या जागेतून त्यांनी पुन्हा वर बघितलं. ज्वाळा जवळजवळ तिथंच होती.

पाय मुरगळला पोरीचा, बाईंना वाटलं. त्या थांबल्या, डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं. पाय मुरगळला नव्हता. येर्लिन चालत होती. ताठ मानेनं, मशाल दोन्ही हातांनी वर धरून, एक पाऊल टाकायचं, दुसरं त्याच्याजवळ आणायचं, मग पुन्हा एक. तालुक्यातली सगळ्यांत वेगवान पोरगी मुंगीच्या चालीनं निघाली होती, आणि मधूनमधून खाली कॉफीकडे बघत होती, कोण कुठवर आलं ते.

मोटरसायकलवाल्याचा आवाज खालपर्यंत येत होता. "अगं पळ की पोरी. पुढचे लोक खोळंबलेत."

"थांबायचं नाही एवढंच सांगितलंय ना, काका? मी कुठं थांबले?"

"याला चालणं म्हणतात?"

"मग काय म्हणतात?"

एल सेद्रालचे एवेलिओ मास्तर तिच्या बाजूनं चालत होते. त्यांचं आणि ओदिलीबाईंचं वीस वर्षांचं वाकडं, दर विज्ञान मेळ्यात एकमेकांची पोरं हरवायची. ते पोलिसाला म्हणाले, "नियम पाळतेय पोरगी. तुम्ही गाडी पहिल्यात टाका." आणि स्वतः तिच्याहूनही हळू चालायला लागले.

बाई तिथं कॉफीत उभ्या राहिल्या. त्यांना रडू आलं, आणि डोळे पुसत बसायला वेळ नव्हता.

त्या रस्त्यावर निघाल्या तेव्हा आठही जण पोचले होते, बाकी शाळाही ओळींतून एकेक करून बाहेर पडत होती. कोणाचा सदरा फाटलेला, कोणाच्या केसात पानं. येर्लिननं जवळजवळ दोनशे मीटर मशाल एकटीनं नेली होती. उरलेल्या रस्त्याची वाटणी तिनंच चालता चालता केली. सात जण, प्रत्येकी तीस पावलं. ब्रायनर सर्वांत शेवटी, कारण तो अजून वाकून पोट धरून उभा होता.

"शेवटचा टप्पा तुझा आहे," बाई तिच्याजवळ जाऊन म्हणाल्या. "चर्चचा. तो तुला दिला होता."

"माझं झालं, बाई. मी घेतला तर ब्रायनरचं राहील."

बाईंना म्हणायचं होतं, तुझे वडील आठपासून उभे आहेत. ते त्यांच्या ओठांवर आलं. पण ब्रायनर ऐकत होता आणि त्याचा चेहरा एवढासा झाला होता. बाईंनी त्याच्या केसातली पानं काढली.

मग मात्र पळापळ झाली. तीस पावलं आणि हात बदल, तीस पावलं आणि हात बदल, मागे चाळीस पोरं ओरडताहेत, त्यात एल सेद्रालची पिवळी पोरंही मिसळून ओरडायला लागली. चर्चची घंटा सुरू झाली. ब्रायनर, ज्याला शाळेत कोणी कधी पळताना पाहिलं नव्हतं, तो तोंड लालबुंद करून चर्चच्या दारात पोचला आणि पुढच्या शाळेच्या मुलीच्या हातात मशाल देऊन जमिनीवर बसला. गावानं अशा टाळ्या वाजवल्या की कबुतरं उडाली. बारा मिनिटं उशीर झाला होता. कोणाला त्याचं काही नव्हतं.

त्या गर्दीत फाउस्तिनो फोन धरून उभेच होते, रस्त्याकडे बघत.

"बाई," त्यांनी विचारलं, "आमच्या येर्लिनची पाळी कधी?"

ओदिलीबाईंनी इकडेतिकडे बघितलं. खोटं बोलायला पुष्कळ वाव होता. दरड, ऑफिस, पत्र, कोणावरही ढकलता आलं असतं.

"झाली तिची पाळी," त्या म्हणाल्या. "वर, जिथं बघायला कोणी नव्हतं तिथं झाली. माझ्यामुळे. तिनं मला सांगितलं होतं उंबर वरच्या रस्त्याला आहे म्हणून. मी तिला सगळ्या वर्गासमोर गप्प केलं. म्हटलं, तू काल आलीस."

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. बाईंनी आवाज खाली केला नाही. येर्लिन वडिलांच्या शेजारी उभी राहून चपलेचा चिखल दगडावर घासत होती.

फाउस्तिनोंनी फोनचा कॅमेरा बंद केला. रागावले की नाही, ते त्यांच्या तोंडावरून कळेना. मग त्यांनी एक नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन बाईंच्या हातात दिला.

"माझी आई आहे. व्हिडिओची वाट बघतेय. तुम्हीच सांगा तिला."

"हॅलो," पलीकडून म्हातारा आवाज आला. "कोण बोलतंय?"

"मी येर्लिनची बाई, आजी. ओदिली माझं नाव."

आणि त्यांनी सांगितलं. पहिल्यापासून, नकाशापासून, वर्ग हसला तिथपासून. अख्खं गाव ऐकत होतं. स्वतःची चूक सांगताना त्यांनी एक शब्द गाळला नाही, आणि येर्लिनचं चालणं सांगताना आवाज फुटला तरी थांबल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "ती पळाली असती तर सगळ्यांनी बघितलं असतं, आजी. तुम्हीही. ती चालली, म्हणून बाकीच्यांना मिळाली."

पलीकडे आजीनं आधी कोंबड्यांना हाकललं.

"मशाल काल आमच्या दारावरनंच गेली की," आजी म्हणाली. "सकाळपासून खुर्ची टाकून बसले होते. पोरगं असं सुसाट गेलं, मी चष्मा लावेस्तोवर नुसता धूर. काही म्हणता काही दिसलं नाही मला." मग म्हणाली, "माझी नात हळू चालली म्हणता. मग कोणाला तरी नीट दिसली असेल ना?"

"मला दिसली," ओदिलीबाई म्हणाल्या. "मी खाली कॉफीत होते. सगळी बघितली."

"मग सांगा बघू," आजी म्हणाली. "केस कसे बांधले होते तिनं?"