आखूड हार

दोन हजार चारच्या नवरात्रात धोंडाबाई वणीच्या गडावर निघाल्या, तेव्हा सुनेला बजावून गेल्या, "सुवर्णे, मल्हारीचा हार आखूड आला का समज, त्याला कुठंतरी दुखतंय. तो तोंडानं सांगायचा नाय."

सुवर्णा बीएस्सी झालेली. मनात हसली, हो म्हणाली आणि आरोहीचा ताप बघायला वळली. तान्ह्या लेकीची साधी शिंकही तिला झोपू देत नसे.

मल्हारी तिचा थोरला दीर, पस्तिशीचा. 'स्वमग्न' हा शब्द रविवारच्या पुरवणीतून तिनंच घरात आणला होता; घरच्यांना तो नुसता मल्हारी. बोलणं जेमतेम, अंगाला हात लावलेला खपायचा नाही. पण मळ्यातल्या झेंडूचे हार ओवावेत त्यानंच. प्रत्येक हार गळ्यात घालून मापायचा. गुडघ्याला टेकला की गाठ.

दसऱ्याच्या तोंडावर फूलबाजारातून हार परत आले. सगळे वीतभर आखूड. "दादा फुलं वाचवायला लागला वाटतं," शेखर, तिचा नवरा, हसत म्हणाला. सुवर्णानं मल्हारीकडे पाहिलं. तो पुढचा हार मापत होता, पोटाशी दुमडून. वाकलेल्या माणसाच्या गुडघ्याला हार लवकरच टेकणार. तिनं शेखरला टेम्पो काढायला सांगितलं.

आरोहीला शेजारणीकडे ठेवून दोघांनी त्याला टेम्पोतून दवाखान्यात नेलं. तिथं ट्यूबलाइट गुणगुणत होती. डॉक्टरांनी पोटाकडे हात नेताच मल्हारी किंचाळला आणि पळत टेम्पोत, फुलांच्या पाट्यांमध्ये जाऊन बसला. शांत झाला की आणा, असं म्हणून डॉक्टर पुढच्या पेशंटला हाक मारू लागले.

"भाऊजी शांतच असतात," सुवर्णा म्हणाली, "तुमच्या खोलीत नसतात तेव्हा. तुम्हीच बाहेर येता का?"

डॉक्टर आले, थोडे नाराजीनंच. तिनं मल्हारीपुढे हार धरला, मापायचाय म्हणाली. त्यानं तो गळ्यात घातला. मग डॉक्टर हाराचं एकेक फूल चिमटीत धरून त्याच्या पोटावर हलके टेकवत गेले. मल्हारी फुलांकडे बघत राहिला. उजवीकडे खाली आल्यावर मात्र त्यानं डॉक्टरांचं मनगट गच्च धरलं.

"अपेंडिक्स असावं," डॉक्टर हळूच म्हणाले. "आजच ॲडमिट करू. हार राहू दे त्याच्याजवळ."

गडावरून परतलेल्या धोंडाबाई थेट त्याच्या खाटेपाशी आल्या. टाके बघितले, प्रसाद ठेवला. "तुझ्या बीएस्सीत हार नव्हता वाटतं," त्या सुनेला म्हणाल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आता मल्हारीचा हार पुन्हा गुडघ्याला टेकतो, आणि आधी सुवर्णा बघते, मग बाजार. भेटेल त्याला ती एवढंच सांगते, तुम्हालाही तेच: तुमच्या गल्लीत असं न सांगणारं कुणी असेल, तर आज जाऊन बघून या. रोजचं काम रोजच्यासारखं चाललंय ना त्याचं?