तीन बोटांचा उशीर

"बोट कुठाय?" मी ओरडले.

नागोजीमामांनी पत्रा कापणाऱ्या प्रेसमधून हात मागे घेतला होता. हातमोज्याच्या तर्जनीचं टोक सपाट कापलं गेलं होतं. रक्त मात्र कुठेच नव्हतं.

"अगं सौम्या, ते बोट मला हाय कुठं? धा वर्सं झाली अर्धं जाऊन. मोकळं कापड गेलं बघ!" मामा हसले. मच्छे औद्योगिक वसाहतीतल्या त्या शेडमधले सगळेच हसले. मी तेवढी हसले नाही.

कारण चूक माझी होती. समोर हात आहे का, हे प्रेसवरचा सेन्सर सेकंदाला हजार वेळा बघतो; दिसला की प्रेस थांबवतो. एकेका नोंदीवर भरवसा नाही, म्हणून शेवटच्या काही नोंदींची सरासरी धरायची. किती नोंदींची, ती फिल्टरची लांबी, आणि ती मी ठरवते. आठ ठेवली होती, तर शेजारच्या वेल्डिंगमुळे नोंदी बिघडून प्रेस दिवसातून वीसदा उगाचच थांबायची. सुपरवायझर मारुतीराव डोकं खायचे. शेवटी सोमवारी मी चाळीस केली. प्रेस गुमान चालू लागली, माझं कौतुकही झालं. पण लांब फिल्टरला हात उशिरा दिसतो, तेवढ्यात तो तीन बोटं पुढे गेलेला असतो. हे गणित मला येत होतं, म्हणूनच जास्त लाज वाटली.

मी लॅपटॉप उघडला.

"ऱ्हाऊ दे की चाळीसच," मामा हळूच म्हणाले. "प्रेस थांबली की माल कमी पडतोय. मारुतीराव म्हनतोय, म्हातारा झालास, घरी बस."

"आणि हात गेला तर, मामा?"

"व्हय, पन..." आम्ही दोघंही सांबरा गावचे. त्यांच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नाही, हे मला माहीत होतं.

मी आठ लिहिलं. मारुतीरावांना म्हटलं, "वेल्डिंगचं अर्थिंग नीट करून घ्या. तोवर माल कमी पडला तर मला बोला." ते बोलले, सगळ्यांसमोर.

दुपारपर्यंत प्रेस अकरा वेळा उगाच थांबली. दर वेळी मामा माझ्याकडे न बघता बटण दाबून ती चालू करत. बाराव्यांदा थांबली, तेव्हा त्यांचा हात खरंच आत होता.

त्यांनी तो सावकाश बाहेर काढला. हातमोजा उतरवला. अंगठ्याने बोटं एकेक करून मोजली. पुन्हा एकदा मोजली. मग बटण दाबलं.