माटोळीतला फेस

गौरवीच्या पत्राला मी उत्तर दिलेच नव्हते. फोनवर मी गांगरतो, म्हणून माझी ही पुतणी मला अजून पत्रे लिहिते. ती मये गावच्या शाळेत शिकवते. ‘काका, शाळेच्या विहिरीवर वाकलेल्या फांदीला पांढरा फेस लागलाय. पालक म्हणतात घाण आहे, दिवाळीच्या सफाईत फांदीच तोडा. बेडकाची अंडी असतील का? तुम्ही सांगाल तसे करीन.’

मी सांगेन तसे! मी वाचलेल्या पुस्तकांतले बेडूक पाण्यात अंडी घालत. झाडावरच्या फेसाबद्दल एकाच पुस्तकात एकच ओळ होती. तेवढ्या भरवशावर कुणाला सल्ला देणारा मी कोण? पत्र टेबलावरच राहिले.

चवथीला मेहुणा धाकू कोरगावच्या ओहोळावरून रानफळांच्या डहाळ्या घेऊन आला. गणपतीच्या डोक्यावर त्या फळापानांची माटोळी टांगून बांधली. दुसऱ्या दिवशी आरतीत काहीतरी टपकन पाटावर पडले आणि वळवळले.

“भावोजी, देवाक घाम सुटलो!” धाकू म्हणाला.

“डहाळी तोडतना तुझे डोळे खंय होते?” सुमंगला भावावर खेकसली. “काढ ती, टाक भायर.”

मी स्टुलावर चढलो. दुमडलेल्या पानांच्या आत फेस होता आणि फेसात बारीक शेपट्या हलत होत्या.

“टाकायची नाही,” मी म्हणालो. “बालदी आणा. विहिरीचं पाणी.”

घरात माझा हुकूम ऐकायची कुणाला सवय नव्हती. तरी बालदी आली.

तिच्यावर डहाळी टांगली. फेस पातळ होत गेला आणि बेडूकमासे खाली पडत राहिले. टाका म्हणणारी सुमंगलाच त्यांना तांबडा माठ उकडून घालू लागली. आधी मागचे पाय फुटले, मग पुढचे.

“नातवंडां चलूंक लागलीं काय, भावोजी?” धाकू येता-जाता विचारी.

दिवाळी जवळ आली तेव्हा एका सकाळी नखाएवढा हिरवा बेडूक बालदीच्या काठावर बसलेला दिसला. शेपटीचा खुंट अजून होता. बघता बघता त्याने जास्वंदीवर उडी घेतली.

मी टेबलाशी बसलो. ‘गौरवी, फेस आता विरला असेल, तरी फांदी तोडू देऊ नकोस. फेसात अंडी असतात, पिल्ले वाढायला खालच्या पाण्यात पडतात आणि बेडूक होऊन झाडावर परततात. पिण्याचे पाणी गाळून, उकळून घ्या. तसे ते एरवीही घ्यावेच. ती बहुधा झाडावरच्या बेडकाची अंडी होती.’

‘बहुधा’ खोडले. छत्री घेतली आणि पाकीट स्वतः नेऊन पोस्टात टाकले.