रवाली बघू नकोस

उल्कामानवाचा झगा निळा की जांभळा, या प्रश्नावरून दोन प्रौढ माणसांनी एकदा सहा महिने एकमेकांशी बोलणे टाकले होते. त्यांतला एक भिंग आणि दुसरा बाइंडर. सहा महिन्यांनी दोघे पुन्हा बोलू लागले, पण झग्याचा निकाल काही लागला नाही.

दुकान बाइंडरचे होते. दर रविवारी सकाळी कापणीचे यंत्र बंद व्हायचे, खळीचे पातेले कोपऱ्यात सरकायचे आणि पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांवर अकरा माणसे बसायची. सगळी पन्नाशी ओलांडलेली. सगळ्यांनी लहानपणी उल्कामानवाचे अंक फाटेपर्यंत वाचलेले आणि आता त्याच अंकांचे पुनर्मुद्रित खंड एकेक करून जमवणारी. प्रत्येक खंडाच्या पहिल्या अकरा प्रती प्रकाशनसंस्था या मंडळाला आगाऊ पाठवत असे. त्यांनी दोष काढायचे, मग उरलेली आवृत्ती बाजारात जायची.

दोष काढण्याचे काम खऱ्या अर्थाने एकटा भिंगच करी. तो रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला होता. तयार झालेल्या प्रत्येक घाण्याचा रंग प्रमाण नमुन्याशी ताडून पाहायचा, जुळला तर सही करायची, नाही जुळला तर तो घाणा नाल्यात. तीस वर्षे हेच केल्यामुळे दहापट मोठे दाखवणारे भिंग त्याच्या खिशात कायमचे राहिले आणि नावातही.

तिसरा खंड आला त्या रविवारी त्याने एकोणीस दोषांची यादी वाचून दाखवली.

"कागद गुळगुळीत. मूळ अंक खरखरीत पिवळट कागदावर होता, शाई त्यात मुरायची. इथे ती वर तरंगते. म्हणून झगा जांभळा दिसतो."

"झगा जांभळाच होता," बाइंडर म्हणाला.

"पोस्टमनकाकांचा मूळ अंक आणा. आत्ता ताडून दाखवतो."

"पन्नास वर्षं जुना अंक, भिंगराव! तुमचा रंग तरी पन्नास वर्षांपूर्वीचा राहिलाय का?"

मंडळ हसले. भिंग हसला नाही. "पुनर्मुद्रण म्हणजे मोजमाप," तो म्हणाला. "मूळ होतं तसं दाखवायचं, आणि जिथे दाखवता येत नाही तिथे तसं कबूल करायचं. बाकी सगळं सुशोभन."

"पुनर्मुद्रण म्हणजे पुन्हा एकदा वाचायला मिळणं. तुम्ही बसा नाकाने कांदे सोलत."

"पान सतरा," भिंगाने पुढे वाचले. त्या पानावर उल्कामानव एका मुलाला कडेवर घेऊन शहरावरून उडत जातो. "दोष अकरा. फुग्यातलं अक्षर कुणा अडाण्याने गिरवलंय. 'खाली बघू नकोस' असं हवं, पण खच्या पायथ्याची जोडच नाही, त्यामुळे वाचलं जातं 'रवाली बघू नकोस'. दोष बारा. उल्कामानवाच्या उजव्या हाताचा अंगठा भलत्याच बाजूला. दोष तेरा. त्याच कोपऱ्यात तीन फिकट समांतर रेघा, अंतर प्रत्येकी आठ मिलिमीटर. स्कॅनिंगचा दोष."

मंडळातल्या निवृत्त पोस्टमनकडे त्या अंकाची धड प्रत होती. ती तो कुणाच्या हाती देत नसे, पण समोर धरून दाखवी. तिच्यात 'खाली' स्वच्छ होते, अंगठाही जागेवर. भिंगाने त्या शुद्ध पानाचे छायाचित्र काढून संपादिकेला पाठवले. चुकीच्या पानाचे काढले नाही. ते तर प्रकाशनसंस्थेच्याच घरचे होते.

संपादिका तरुण आणि तत्पर निघाली. आठवड्याभरात तिने सतरावे पान दुरुस्त करून बाजारात जायच्या सर्व प्रतींत बदलून घेतले आणि अकरा सुटी पाने मंडळाकडे धाडली. भिंगाने तिला फोनवर एक सल्लाही दिला, जो तो कारखान्यात प्रत्येक नव्या उमेदवाराला देई. चुकलेला नमुना कुठेही शिल्लक ठेवू नये. ठेवला की कधी ना कधी तोच प्रमाण म्हणून वापरला जातो. बाइंडरलाही त्याने तेच बजावले. बाइंडरने अकराही प्रतींतले सतरावे पान मुळाशी कापले आणि नवे चिकटवले, इतक्या सफाईने की भिंगाला भिंगातूनसुद्धा सांधा सापडेना. त्याने कौतुक केले. बाइंडर म्हणाला, "लिहून द्या, चौकटीत लावतो."

महिन्याभराने ताई आली. ती भिंगाहून चार वर्षांनी मोठी, दुसऱ्या गावी राहणारी. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ दुपारची होती, म्हणून सकाळी भावाच्या घरी टेकली. कपाटात खंड पाहून तिला हसू आले.

"अजून हेच का रे, धाकट्या? केस पिकले तुझे."

"कागद बघ. पुठ्ठा बघ."

ताईने पुठ्ठा पाहिला नाही. ती पाने उलटत गेली, सतराव्यावर थांबली, चष्मा वर सरकवला आणि सहज विचारले, "इथला रवाली कुठे गेला?"

भिंग चहा ओतत होता. त्याने किटली खाली ठेवली.

"काय म्हणालीस?"

"रवाली बघू नकोस. हा कोपरा माझ्या हातून फाटला होता. तू रडून घर डोक्यावर घेशील म्हणून दादाने एका रात्रीत नवा करून चिकटवला. तुला नाही माहीत. तू सहा वर्षांचा, तुला कुठे धड वाचता यायचं!"

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. सोळाव्या वर्षी छातीच्या दुखण्याने गेला. त्याच्या मागे वडिलांनी एका सकाळी त्याच्या वह्या, पुस्तके, अंक, सगळे रद्दीवाल्याला देऊन टाकले, नजरेसमोर नको म्हणून. वडिलांना कुणी बोलले नाही. पण त्यामुळे दादाच्या हाताचा कागदाचा कपटाही घरात उरला नव्हता.

भिंगाची पहिली प्रतिक्रिया सवयीची होती. आठवणीवर विश्वास ठेवायचा नाही. साक्षीदाराला उत्तर न सुचवता विचारायचे.

"कशावर केला त्याने कोपरा?"

"वहीच्या पानावर. रेघा खोडरबराने घासल्या, पण गेल्या नाहीत. वर रंग दिला."

आठ मिलिमीटर. भिंग उठला, नातीची शाळेची वही आणली आणि पट्टी लावली. आठ.

"अजून काही आठवतं?"

"हात चुकला होता. मी हसले तर रागावला माझ्यावर."

ते भिंगाने स्वतःच जुळवले. दादा उजव्या हाताने चित्र काढी. मग नमुना म्हणून समोर धरायला त्याला एकच हात मोकळा होता, डावा. उजवा हात म्हणून त्याने स्वतःचा डावा काढला होता.

"आणि ख?" ताई म्हणाली. "ख त्याने जन्मात जोडला नाही. मास्तरांनी वेताने हात सुजवला, तरी नाही. शाळेला रजेची चिठ्ठी लिहिली होती बघ, रवोकला झाल्यामुळे येऊ शकत नाही. आपण किती हसलो होतो! तोही हसला, आणि मग..."

मग त्याला खोकल्याची उबळ आली होती. एवढे मात्र भिंगालाही आठवत होते.

तीन स्वतंत्र खुणा, तिन्ही ते चुकीचे पान न पाहता सांगितलेल्या. रद्दीतून निघालेला तो अंक पन्नास वर्षे कुणाकुणाच्या हातांतून फिरत प्रकाशनसंस्थेपर्यंत पोहोचला होता आणि तिथे त्याच्यावरून तिसरा खंड निघाला होता. शंकेला जागा नव्हती. भिंगाने टेबलाच्या खणातून यादी काढली आणि अकरावा दोष वाचला. *कुणा अडाण्याने गिरवलेले.* त्याने यादी घडी करून पुन्हा खणात ठेवली. ताईने मागितली, तर दिली नाही.

त्याने संपादिकेला फोन लावला.

"मूळ अंक ना? तो स्कॅन करायला उसवावा लागला, काका. पानांचा पार भुगा होत होता. टाकून दिला."

"आधीची फाइल?"

"दुरुस्त केल्यावर तीच ठेवली, आधीची पुसली. बदललेली पानंही लगद्यात गेली. तुम्हीच म्हणाला होतात ना, चुकलेलं कुठेही शिल्लक ठेवू नका. आमच्याकडे आता सगळे तसंच करतात. काही राहिलं का त्यात?"

"नाही," भिंग म्हणाला. "काही राहिलं नाही."

बाइंडरच्या दुकानात दोघे बहीणभाऊ पोहोचले तेव्हा दुपार झाली होती. डॉक्टरांची वेळ हुकली, ती ताईनेच हुकू दिली. कापणीचे यंत्र चालू होते. भिंगाला आठवड्याच्या मधल्या वारी पाहून बाइंडरने ते थांबवले.

"भिंगराव, आज? आता काय सापडलं? वीस नंबर?"

"सतराव्या पानाची कापलेली अकरा पानं कुठे आहेत?"

"तुम्हीच सांगितलंत, ठेवू नका."

"टाकली?"

"चांगला जाड कागद कोण टाकतो? पट्ट्या केल्या." बाइंडरने हातातली वही उलटी धरून तिच्या पाठीवर बोट ठेवले. "शिवण झाली की पाठीला कागदाची पट्टी खळीने डकवतो, मग वरून कापड. शाळेची साठ हजेरीपत्रकं आणि काही वह्या होत्या. त्यांच्या पाठीत गेल्या."

ताईने त्याला सगळे सांगितले. तिला सांगायला चार वाक्ये पुरली. बाइंडर ऐकत असताना हाताची खळ फडक्याला पुसत राहिला, हात स्वच्छ झाल्यावरही.

"शाळेत जाऊ," ताई म्हणाली. "मागू."

"काय म्हणून मागणार, ताई? वर्ष मध्यावर आलंय. चालू हजेरीपत्रकं फाडायची आहेत, आमच्या भावाची हजेरी लावायचीय?" म्हणून झाल्यावर त्याला स्वतःच्याच बोलण्याचा धक्का बसला. "माफ करा. तोंडाला कुलूप नाही माझ्या."

"एकही नाही इथे?" भिंगाने विचारले.

एक होते. त्याचा पुठ्ठा तिरका बसला म्हणून शाळेने परत पाठवले होते. बाइंडरने फळीवरून ते काढले. एका पानाच्या सात पट्ट्या, असे त्याने सांगितले. पानाची उभी कापणी केलेली, त्यामुळे फुगा सातांपैकी दोन पट्ट्यांवर येणार. भिंगाने मनात हिशेब मांडला. दोनसप्तमांश. कारखान्यात एवढ्या शक्यतेवर कुणी बरणीचे झाकण उघडले नसते.

"उघडा," तो म्हणाला.

बाइंडरने कापड सोलले. खाली कागदाची पट्टी होती, मागच्या अठराव्या पानाची बाजू वर, सतराव्याची खळीत. त्याने ओले फडके पिळून पाठीवर ठेवले. तिघे उभे राहिले. भिंतीवरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे होते. भिंग ते नेहमी बोलून दाखवी, आज बोलला नाही. मग बाइंडरने हाडाच्या पातीने कड उचलली आणि पट्टी हलक्या हाताने सोडवत नेली. काही शाई शिवणीलाच राहिली. उरलेली पट्टी त्याने काचेवर उलटी ठेवली.

आकाशाचा एक लांबट तुकडा. तळाशी घरांची छपरे. वर फुग्याची डावी कड, आणि फुग्यात दोन अक्षरे. पुढचे पात्याने नेले होते.

ताई वाकली.

"रवा," तिने वाचले.

आणि ती हसली. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत हसली. "रवा! अरे धाकट्या, रवा राहिला बघ..." बाइंडरही हसू लागला होता, पण तिच्याकडे पाहून थांबला आणि त्याने स्टूल पुढे सरकवले. ती बसली. पदर तोंडावरून डोळ्यांवर गेला.

भिंगाने खिशातून भिंग काढले. र आणि व यांच्या पायथ्यांत अर्ध्या मिलिमीटरची फट होती. रचा पाय थोडा लांबवलेला, जोडायचे ठरवून ऐन वेळी विसरल्यासारखा. भिंगाखाली त्या रेषेचेही ठिपके झाले, निळे, लाल, काळे. म्हणजे हे दादाचे अक्षर नव्हतेच. ते त्याच्या अक्षराच्या छायाचित्राचा छापा होते, तेही गुळगुळीत कागदावर. दुसऱ्या कुणी ते अक्षर म्हणून दाखवले असते तर त्याने तिथल्या तिथे खोडून काढले असते. तो पुन्हा वाकला आणि ती फट दुसऱ्यांदा मोजली.

"उरलेलं?" ताईने बसल्या जागेवरून विचारले. "ली बघू नकोस?"

"ते शाळेत," बाइंडर म्हणाला.

त्याने टिपकागदाचे दोन तुकडे आणले, पट्टी त्यांच्यामध्ये ठेवली आणि वर लोखंडी वजन ठेवले. "वाळेपर्यंत हात लावू नका. ओली शाई लगेच निघते."

"किती वेळ?"

"उद्या सकाळ."

भिंग पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसला, रविवारी बसायचा त्याच जागी. हजेरीपत्रक उघड्या पाठीने टेबलावर पडले होते. ते शाळेला परत द्यायचे होते. बाइंडरने रद्दीतून एक कागद ओढला, पट्टीच्या मापाने कापला, आणि खळ लावण्याआधी दोन्ही बाजूंनी उजेडात धरून नीट पाहिला.

"कोरा आहे," तो म्हणाला.

भिंगाने मान हलवली. मग, बाइंडरने न मागताच, उठून तो कागद स्वतः एकदा तपासला.